शेल्टा गुहेतला क्रेफिश आणि एका गेटची भानगड

१९८८ साली हा क्रेफिश एकदा दिसला होता, त्यानंतर कुणालाच नाही. दहा वर्षं गेली, वीस गेली, तीस गेली. आणि तो राहतो ती गुहा काही कुठल्या घनदाट जंगलात नाहीये हं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात हंट्सव्हिल नावाचं शहर आहे, जिथे नासाचं मार्शल सेंटर आहे आणि माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटचं काम झालं, त्या शहराच्या घरांखाली रस्त्यांखाली ही गुहा आहे. लोक रोज तिच्या डोक्यावरून गाड्या घेऊन जातात.

गुहेचं नाव शेल्टा केव्ह, आणि तिच्या पाण्यातल्या ह्या प्राण्याचं नाव शेल्टा केव्ह क्रेफिश, शास्त्रीय नाव ओर्कोनेक्टीस शेल्टी. अख्ख्या जगात तो फक्त ह्या एका गुहेत सापडलाय. गुहेची लांबी ७६० मीटरच्या आसपास, म्हणजे सपाट रस्ता असता तर रमतगमत दहा-बारा मिनिटांत संपला असता, आणि त्यातही जिथे पाणी आहे तेवढाच ह्याचा मुलुख. वाघ, हत्ती, गेंडा यांच्याबद्दल बोलताना आपण जंगलच्या जंगलं मोजतो, इथे सगळं प्रकरण एका गल्लीएवढं आहे.

आधी क्रेफिश म्हणजे काय ते बघू, कारण आपल्याकडे हा प्राणी नैसर्गिकरित्या सापडतच नाही आणि म्हणून त्याला धड मराठी नावही नाही. नावात फिश आहे पण मासा नाही. खेकडा, कोळंबी, शेवंड ह्यांच्याच खानदानातला, कवचवाला, दहा पायांचा. दिसायला शेवंडीचं छोटं रूप म्हणा, फक्त एक मोठा फरक, शेवंडीला नांग्या नसतात आणि ह्याला असतात, पायांची पहिली जोडी म्हणजेच नांग्या. गोड्या पाण्यात राहतो, ओढ्यात, तळ्यात, चिखलातल्या बिळात. उत्तर अमेरिकेत तर ह्यांच्या शेकडो जाती आहेत. त्यातल्या मोजक्याच कायमच्या जमिनीखाली गेल्या. ओर्कोनेक्टीस ह्या नावात रोमन लोकांचा पाताळाचा देव ऑर्कस आहे, आणि पुढचा भाग पोहणाऱ्यासाठीचा ग्रीक शब्द, म्हणजे नावच 'पाताळात पोहणारा'. गंमत म्हणजे आधी ह्या नावाखाली उजेडात राहणारे कितीतरी क्रेफिशसुद्धा कोंबलेले होते, २०१७ साली वर्गीकरण नव्याने केलं तेव्हा त्यांना बाहेर काढून दुसरं नाव दिलं आणि पाताळवाल्यांना त्यांचं नाव मोकळं करून दिलं. योग्यच केलं.

शेल्टा हे मात्र कुठल्या देवीबिवीचं नाव नाही. १८८८ च्या सुमारास हेन्री फुलर नावाच्या माणसाने ही गुहा घेतली आणि स्वतःच्या मुलीचं नाव तिला दिलं. मग आत लाकडी डान्स फ्लोअर टाकला, विजेचे दिवे लावले, पाण्यात बोटी सोडल्या, तिकीट लावून लोकांना आणायला लागला. म्हणजे वर बँड वाजतोय आणि खाली पाण्यात हे आंधळे क्रेफिश फिरतायत असा सीन असणार. तो धंदा फार काळ चालला नाही.

आता तो दिसतो कसा. इवलासा, जेमतेम इंच-दोन इंचाचा. पांढरट, जवळजवळ आरपार दिसणारा, टॉर्च मारला की कवचाच्या आतलं थोडंफार दिसतं. नांग्या बारीक आणि नाजूक, बाहेरच्या क्रेफिशसारख्या जाडजूड नाहीत. डोळे म्हणाल तर देठ आहेत पण त्याच्या टोकाला बघणारं काही नाही, नुसती बुंधी राहिलीयेत. आणि मिशा मात्र लांबच लांब. चालताना त्या सारख्या पुढे, बाजूला, मागे फिरवत राहतो, अंधारात चालणारा माणूस हात पुढे करून चाचपडतो ना तसं, फक्त माणूस धडपडतो आणि हा अजिबात धडपडत नाही. ह्या लांब मिशांशिवाय मध्ये आणखी दोन छोट्या जोड-मिशा असतात, त्यांच्यावर वास घेणारे सूक्ष्म केस. पाण्यात वास घेणं म्हणजे विरघळलेली केमिकल्स ओळखणं. कुठे काही कुजतंय, कुठे मादी आहे, हे त्याला तिथून कळतं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा, तो सगळीकडे असतो. 'अंधारात डोळे वापरले नाहीत म्हणून ते झिजून गेले' असं आपण सरळ बोलून जातो. असं होत नाही. आयुष्यभर डोळ्यांवर पट्टी बांधून बसलात म्हणून तुमची मुलं आंधळी जन्माला येणार नाहीत. खरं काय होतं तर प्रत्येक पिढीत थोडीफार पिल्लं बिघडलेल्या जीन्सची जन्माला येतात, कुणाचा डोळा नीट नाही, कुणाला रंग नाही. उजेडातल्या ओढ्यात असं पिल्लू लगेच कुणाच्या तरी तोंडात जातं आणि तो बिघाड तिथेच संपतो. गुहेत मात्र बघायलाच काही नाही, त्यामुळे बिघडलेला डोळा असला काय नसला काय, पिल्लू जगतं, त्याला पिल्लं होतात, आणि असे बिघाड साचत जातात. वरून आणखी एक हिशोब असतो. डोळा आणि मेंदूतला डोळ्याचा भाग चालू ठेवायला एनर्जी लागते. जिथे खायलाच मिळत नाही तिथे जो हे बिल भरत नाही तो फायद्यात. हजारो पिढ्या असं चाललं की डोळे गेले, रंग गेला आणि मिशा वाढल्या.

खायलाच मिळत नाही म्हटलं, आणि ह्या सगळ्या गोष्टीचा कणा तोच आहे. बाहेरच्या जगात जेवण सूर्यापासून सुरू होतं, सूर्यावर झाडं, झाडांवर किडे, किड्यांवर बेडूक वगैरे. गुहेत सूर्य नाही, म्हणजे झाडं नाहीत, शेवाळ नाही, म्हणजे स्वयंपाकघरच नाही. जे काही आहे ते बाहेरून आलेलं. पावसाच्या पाण्याबरोबर वाहून आलेला पालापाचोळा, काड्या, माती, मेलेले किडे. आणि दुसरा मोठा सप्लाय म्हणजे वटवाघळं.

शेल्टामध्ये ग्रे बॅट नावाच्या वटवाघळांची वसाहत होती, म्हणजे माद्या एकत्र जमून पिल्लं वाढवतात तसली. ही वटवाघळं रात्री बाहेर पडतात, नदी-तलावांवर उडणारे किडे पकडून खातात आणि पहाटे परत येऊन छताला लटकतात. आणि मग लटकल्या लटकल्या खाली हगतात. किळस वाटून घेऊ नका, गुहेच्या दृष्टीने हाच अन्नदाता. नदीवरचा सूर्यप्रकाश किड्यांत जातो, किडे वटवाघळांच्या पोटात, आणि रोज पहाटे तो सगळा माल गुहेत घरपोच येऊन पडतो. त्या विष्ठेवर बुरशी आणि बॅक्टेरिया वाढतात, त्यांच्यावर बारीक बारीक जीव, त्यातलं बरंचसं पाण्यात, मग पाण्यातले गोगलगाईएवढे नाही तर तांदळाच्या दाण्याएवढे कवचवाले प्राणी, आणि त्यांच्यावर क्रेफिश, आंधळे मासे, सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा पण बेडकाच्या खानदानातला प्राणी). ही साखळी इतकी भरलेली होती की शेल्टामध्ये फक्त गुहेतच जगू शकणाऱ्या तब्बल २४ जातींची नोंद झाली, १२ कोरड्या भागातल्या आणि १२ पाण्यातल्या. पूर्व अमेरिकेत गुहाजीवांची एवढी व्हरायटी असलेल्या गुहा मोजक्याच. क्रेफिशच्याच तीन जाती एका पाण्यात, आणि शेल्टा क्रेफिश त्या तिघांत सगळ्यात छोटा आणि पहिल्यापासूनच सगळ्यात दुर्मिळ.

ही नोंद कशी झाली तर १९६० च्या दशकात जॉन कूपर नावाचा संशोधक ह्या गुहेत वर्षानुवर्षं उतरत होता, पाण्यात काय काय आहे ते मोजत होता, क्रेफिशना खुणा करून सोडत होता. १९६३ ते १९७५ ह्या काळात ह्या छोट्या जातीचे ११५ नग नक्की झाले. बारा वर्षांत ११५, म्हणजे महिन्याला एकसुद्धा नाही. पण निदान दिसत तरी होते.

आणि आता गेट.

१९६७ साली नॅशनल स्पेलिऑलॉजिकल सोसायटी ह्या गुहावेड्या लोकांच्या संस्थेने शेल्टा गुहा विकतच घेतली. हेतू एकदम साफ, शहर वाढत चाललंय, कुणीही आत शिरतंय, कचरा टाकतंय, गुहा वाचवायची. पुढे संस्थेचं ऑफिससुद्धा बरीच वर्षं ह्या गुहेच्या वरच होतं. १९६८ मध्ये त्यांनी तोंडावर लोखंडी गेट बसवलं. माणूस आत जाऊ नये, वटवाघूळ जावं, अशी कल्पना.

वटवाघळांना ते गेट पटलं नाही. आपल्याला वाटतं की वटवाघूळ तर केवढंसं, गजांतून सहज जाईल. पण उडणारं वटवाघूळ पंख पसरलेलं असतं, फूटभर रुंद. गजांमधली फट अरुंद असेल तर त्याला तिथे येऊन वेग कमी करावा लागतो, घुटमळावं लागतं, पंख मिटून आत घुसावं लागतं, आणि संध्याकाळी हजारो जणी एकदम बाहेर पडत असताना दारात अशी गर्दी झाली की बाहेर टपलेल्या घुबडाला, सापाला मेजवानीच. पिल्लं वाढवणाऱ्या ग्रे बॅट तर ह्या बाबतीत जास्तच बिचकणाऱ्या, त्यांच्या गुहेचं तोंड पूर्ण बंद करणारी गेटं आता शक्यतो टाळतात. हल्ली वटवाघळांसाठी जी गेटं करतात त्यात गज आडवे असतात आणि दोन गजांमधली मोकळी जागा साधारण पावणेसहा इंच ठेवतात, जेणेकरून वटवाघूळ जाईल आणि माणूस अडकेल. पण हे आकडे नंतर ठरले, चुका करून करून. १९६८ साली हे ज्ञान कुणाकडेच नव्हतं, म्हणून त्या लोकांना शिव्या घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

काही वर्षांत वटवाघळं गुहा सोडून गेली. आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पाण्यातली जीवसृष्टी कोसळली. छताला लटकणारी गेली आणि खाली पाण्यात चालणारे उपाशी पडले, एका दारामुळे. अलाबामा केव्ह श्रिंप नावाची एक आरपार दिसणारी आंधळी कोळंबी आहे, ती मुळात ह्याच गुहेतून शास्त्राला माहीत झाली, ती शेल्टामध्ये १९७३ नंतर दिसलेली नाही. क्रेफिशचं सांगितलंच, १९७५ नंतर १९८८ मध्ये एक आणि मग शांतता.

एकट्या गेटवर सगळं ढकलणं मात्र बरोबर नाही, शहराचाही वाटा आहे आणि तो कसा ते समजायला खालचा दगड समजून घ्यावा लागतो. हा सगळा भाग चुनखडीचा. पाऊस पडताना हवेतला आणि नंतर मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं, सोड्याच्या बाटलीतल्यासारखं पण फारच सौम्य, आणि असं पाणी लाखो वर्षं भेगांतून झिरपलं की चुनखडी विरघळत जाते, भेगेची नळी होते, नळीची गुहा होते. आता साध्या जमिनीत पाणी वाळू-मातीतून गाळत गाळत खाली जातं. चुनखडीत तसं नाही. वरच्या खड्ड्यातून पाणी सरळ नळ सोडल्यासारखं खाली, गाळणी नाहीच. म्हणजे लॉनवर मारलेलं औषध, गळका सेप्टिक टँक, पार्किंगमधलं ऑइल, पेट्रोल, जे काही वर सांडेल ते पुढच्या पावसात खालच्या तळ्यात. वर सगळं सिमेंट-डांबर केलं की पालापाचोळा आत जायचा कमी होतो आणि घाण जायची वाढते. एकीकडून जेवण बंद आणि दुसरीकडून विष.

आणि असे प्राणी झटकन सावरत नाहीत. थंड, सारख्याच तापमानाच्या पाण्यात कमी खाऊन जगायचं म्हणजे सगळं हळू, वाढ हळू, कात टाकणं हळू, अंडी थोडी. किती हळू ह्यावर एक मजेदार भांडण झालं. शेल्टामध्येच राहणारा दुसरा, थोडा मोठा क्रेफिश आहे, सदर्न केव्ह क्रेफिश. कूपरने खुणा केलेले काही क्रेफिश बऱ्याच काळाने परत पकडले तर ते जवळपास वाढलेच नव्हते. मग हिशोब केला की वर्षाला एवढीच वाढ असेल तर एवढा मोठा व्हायला किती वर्षं लागतील, आणि आकडा आला १७६ किंवा त्याहून जास्त! शंभरी पार करणारा क्रेफिश म्हणून हे सगळीकडे छापून आलं, अजूनही येतं. पण २०१२ साली अलाबामाच्याच दुसऱ्या गुहांमध्ये पाच वर्षांहून जास्त काळ मोठ्या संख्येने खुणा-पकड करून नवा हिशोब मांडला गेला आणि बहुतेकांचं आयुष्य २२ वर्षांच्या आत निघालं. जुन्या हिशोबात गडबड अशी की मोजलेले प्राणी कमी, आणि छोट्या छोट्या वाढींच्या पायऱ्या एकावर एक रचून वय काढलं की सुरुवातीची जराशी चूकही फुगत फुगत दशकांची होते. पण २२ सुद्धा कमी समजू नका, बाहेरच्या ओढ्यातले पुष्कळ क्रेफिश दोन-तीन वर्षांतच आटपतात. मला तरी खरा आकडा जास्त आवडतो, १७६ ऐकून आपण फक्त वा म्हणतो, २२ ऐकल्यावर कळतं की १९८८ साली दिसलेला तो एकटाच पुढची तीस वर्षं लपून बसला असण्याची शक्यता फार कमी. म्हणजे आज जर एखादा दिसला तर त्याचे आईबाप मधल्या काळात तिथेच कुठेतरी होते आणि कुणाच्याही टॉर्चमध्ये आले नव्हते.

आणि नेमकं तेच झालं. २०१८ पासून अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल शाखेतले जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू निमिलर आणि त्यांची टीम शेल्टामध्ये पुन्हा पुन्हा उतरत होती, सगळी गुहा नव्याने तपासायला. गुहेतल्या पाण्यात शोधणं म्हणजे काय ते जरा डोळ्यासमोर आणा. हेल्मेटचा दिवा एवढाच उजेड. पाणी काचेसारखं, तळाला पिठासारखा बारीक गाळ. एक पाय चुकीचा पडला की गाळ उठतो, पाणी ताकासारखं होतं आणि त्या दिवसापुरतं तिथलं काम संपलं. म्हणून काही ठिकाणी चालतच नाहीत, स्नॉर्केल लावून पाण्यावर पालथं तरंगतात आणि तळाकडे बघत हळूहळू सरकतात. त्यात शोधायचं काय तर इंच-दीड इंचाचा पांढरा जीव, तोही खडकाच्या भेगेत शिरायच्या तयारीत. आणि माणसाला जिथे जाता येतं तो पाण्याचा फक्त दिसणारा भाग, त्याच्या आजूबाजूला बोटभर, हातभर रुंदीच्या पाणी भरलेल्या फटी कितीतरी लांब पसरलेल्या असतात. त्यामुळे 'दिसला नाही' आणि 'संपला' ह्या दोन गोष्टींत गुहेत बरंच अंतर असतं.

मे २०१९ मध्ये एक मादी सापडली. ऑगस्ट २०२० मध्ये एक नर. बस, दोन. ओळखायचं कसं हा पुढचा प्रश्न, कारण गुहेतले क्रेफिश सगळेच पांढरे, सगळेच आंधळे, आणि दुसऱ्या जातीचं पिल्लू पण छोटंच असतं. क्रेफिशमध्ये जात ओळखायची जुनी पद्धत जरा खाजगी आहे. नराच्या पोटाखाली पोहायच्या पायांची पहिली जोडी बदलून शुक्राणू देण्याचं अवयव झालेली असते, तिचा टोकाचा आकार प्रत्येक जातीत वेगळा, आणि तोसुद्धा विणीच्या काळात एक आणि एरवी दुसरा असे दोन फॉर्म. मादीच्या बाजूला पायांच्या मध्ये त्याला जुळणारी एक खोबण असते. भिंगाखाली हे बघून जात ठरते. ह्याच बारकाव्यांवर १९९७ साली कूपर पतीपत्नींनी ह्या जातीला अधिकृत नाव दिलं होतं, म्हणजे नाव मिळालं तेव्हाच तो दिसेनासा होऊन नऊ वर्षं झाली होती! निमिलरच्या टीमने फोटो काढले, टिश्यूचे छोटे नमुने घेतले, डीएनए वाचला आणि २०२२ मध्ये जाहीर केलं की हाच तो. ह्या जातीचा डीएनए वाचायची ही पहिलीच वेळ.

पुढचा शोध कदाचित प्राणी न बघताच होईल. प्रत्येक प्राणी पाण्यात काहीतरी टाकत असतो, कातडीचे कण, चिकट द्रव, विष्ठा, आणि त्यात त्याचा डीएनए. बाटलीभर पाणी आणायचं, बारीक फिल्टरमधून गाळायचं, आणि फिल्टरवर अडकलेल्या डीएनएमध्ये आपल्या प्राण्याचा तुकडा आहे का ते शोधायचं. त्यासाठी आधी त्याचा डीएनए कसा दिसतो ते माहीत हवं, आणि ते आता त्या दोन क्रेफिशमुळे माहीत झालंय. हंट्सव्हिलच्या आसपासच्या झऱ्यांचं, विहिरींचं पाणीसुद्धा असं तपासता येतं, जिथे माणूस कधीच शिरू शकणार नाही तिथलं.

राहता राहिलं गेट. ते जुनं गेट १९८१ मध्येच काढून वटवाघळांना चालेल असं आडव्या गजांचं बसवलं होतं. पिल्लं वाढवणारी ती वसाहत परत आली नाही. त्यामुळे क्रेफिशसाठी आता जे काही आत येतं ते पावसाबरोबर, वरच्या गल्ल्यांमधून वाहत.